करवंदांचा रविवार

यंदा जेलीचा रविवार गाझियाबादला करायचा हे नानांनी ठरवलं. "घर आपलं झालंय, तर पहिलं गोड तिथंच शिजू दे," एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं आणि विषय संपवला. मग विश्वासच्या मारुतीने करोल बागेतून दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला माणसं आली. दुसऱ्या खेपेला पातेली, मलमलीचं कापड, काचेच्या बरण्यांची खोकी आणि पिशव्या भरून अर्धी हिरवी, अर्धी लाल करवंदं आली.

कॉलनी नवी होती. लिफ्टच्या जागी नुसतीच पोकळी होती आणि तिच्या तोंडाशी आडवी फळी ठोकलेली होती. गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर टेकत नाना वर चढले आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेले, "सरंजामे. चौथी मंज़िल. आमनेसामने के दोनों घर हमारे ही हैं."

समोरासमोरच्या त्या दोन फ्लॅटांपैकी एक नानांच्या थोरल्या मुलाचा, विष्णूचा होता आणि दुसरा त्याच्या धाकट्या भावाचा, विश्वासचा. बेत असा ठरला होता की दिवाळीपर्यंत विष्णू-आईनानांचा करोल बागेतला आणि विश्वासचा वेगळ्या घरातला, असे दोन्ही संसार इकडे हलवायचे. आईनानांनी राहायचं विश्वासकडे आणि जेवायचं विष्णूकडे. दिवसा घरात कुणीतरी हवं, आणि विश्वासच्या बायकोची, रेवतीची मल्टिनॅशनलमधली नोकरी काही सोडण्यासारखी नाही. तेव्हा थोरल्या सुनेने, अरुणाने शाळा सोडायची. हे नेमकं कुणी ठरवलं ते अरुणाला आता आठवतही नव्हतं. कुणी तसं उघड बोललंच नव्हतं बहुतेक. पण करोल बागेतल्या मराठी शाळेत, जिथे ती लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी लागली होती आणि आता सातवीचा वर्ग सांभाळत होती, तिथे तिने मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं होतं की हा महिना शेवटचा.

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. लाइट गेली होती. आषाढातली दमट, चिकट हवा खिडकीतून आत येत होती आणि तिच्याबरोबर खालच्या मजल्यावर जनरेटरवर चाललेल्या फरशी कापण्याच्या यंत्राचा आवाज. करवंदांच्या चिकाने बोटं एकमेकांना चिकटत होती.

"आई, हे करौंदे बीज के साथ उकळायचे?" अवनीने विचारलं. अरुणाची ही लेक यंदा बारावीला होती.

"करवंदं. आणि बियांसकट," अरुणा म्हणाली.

"वही तो बोली मैं."

"तू 'वही' बोललीस, मी 'तेच' म्हणाले."

एरवी यावर दोघी हसल्या असत्या. आज अरुणाचा आवाज उगाच वर चढला. अवनीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खालमानेने चिरायला लागली.

अरुणाच्या सासूबाई, शालिनीबाई, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला, दिल्लीत नव्यानेच आल्या असताना, त्या एका सरकारी फळसंरक्षण केंद्रात ही जेली शिकल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा हा रविवार चुकला नव्हता. मराठी मंडळाच्या गणपतीत सरंजाम्यांची जेली आली नाही असं झालं नव्हतं. फळं नुसती बुडतील एवढंच पाणी घालायचं. मऊ झाली की मलमलीत बांधून टांगायची आणि रस आपोआप गळू द्यायचा. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. मग जेवढा रस तेवढी साखर, आणि मोठ्या आचेवर पाक. उलथन्यावरून तो थेंबाथेंबाने गळायचा थांबला आणि कडेला पडद्यासारखा लोंबला की त्याच क्षणी खाली उतरवायचा.

उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना बांधलेल्या कापडातून रस गळत होता आणि त्याच्याजवळ अरुणा एकटीच बसली होती. तेव्हा रेवती आत आली. तिने दार पुढे ओढलं.

"अरुणाताई, एक सांगायचंय. पण तुम्ही आत्ता बोलू नका हं कुणाजवळ."

"काय गं?"

"आम्ही इकडे येत नाही आहोत."

अरुणाला वाटलं, दिवाळीला जमत नसेल. "मग केव्हा येताय?"

"येतच नाही आहोत. विश्वासचं ऑफिस गुडगावला शिफ्ट होतंय. माझंही तिथून जवळ पडेल. घर बघून झालंय आमचं. हा फ्लॅट भाड्याने देणार, पार्टीसुद्धा पाहून गेली. विश्वास जेवणं झाल्यावर सांगणार आहे सगळ्यांना. मला वाटलं, तुम्हाला आधी माहीत असावं."

खालचं यंत्र थांबलं.

"केव्हापासून ठरलंय हे?" अरुणाने विचारलं.

"झाला महिनाभर."

"मी शाळेत सांगितलं त्याच्या आधी की नंतर?"

बाहेरून शालिनीबाईंनी हाक मारली, "कापडाला हात लावू नका गं कुणी! गळू दे त्याचं त्याला." रेवती चटकन उठली आणि बाहेर गेली.

त्यानंतर अरुणाने सगळी कामं केली. रस मोजला, साखर घातली, बरण्या उकळून उन्हात पालथ्या घातल्या, बरण्यांच्या तोंडावर ओतायचं मेण वितळवायला ठेवलं. पण मनात त्या खालच्या यंत्रासारखी नुसती घरघर चालली होती. आपण आता या चौथ्या मजल्यावर दिवसभर बसणार. नानांचे गुडघे, आईंची पथ्यं, खाली वाणी नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि समोरच्या दारात कुणीतरी परके भाडेकरू. विष्णूला सांगावं म्हणून ती दोनदा बाहेरच्या खोलीपर्यंत गेली आणि दोनदा परत आली. सांगून तो काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. 'बघू' म्हणणार. लग्नाला बावीस वर्षं होत आली, तिच्या प्रत्येक प्रश्नावर विष्णू एवढंच म्हणत आला होता. वाईट माणूस नव्हता. बघायचाच तो नुसता.

पाक चढला. फेस वर येऊन डाळिंबी रंगाचे मोठाले बुडबुडे फुटू लागले. शालिनीबाईंनी खुर्ची शेगडीजवळ ओढून घेतली.

"अरुणा, पडदा पडतोय का बघ."

"अजून नाही आई. थेंबच पडतायत."

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. आई विचारायच्या आणि अरुणा सांगायची. आईंना उलथन्याची कड नीट दिसत नाही हे अरुणाच्या केव्हाच लक्षात आलं होतं, आणि तिच्या लक्षात आलंय हे आईंनाही कळलं होतं. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात विश्वास आत आला. तो नेहमीसारखा खुशीत होता. "क्या खुशबू है यार! वहिनी, चाखायला द्या ना थोडं."

"गरम आहे, लांब हो," अरुणा म्हणाली. डाव्या हातातल्या फडक्याने तिने पातेल्याचा कान धरला होता, उजव्या हातात उलथनं होतं.

"आई, बघ हं," विश्वास शालिनीबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाला, "कुणी कुठंही गेलं, काहीही झालं, तरी तुझी काळजी नाही मला. वहिनी आहेत ना इथे."

अरुणा गर्रकन वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, काय ते तिलाच माहीत नव्हतं. उलथनं पातेल्याच्या काठाला आदळलं, पातेलं कललं आणि उकळता पाक तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत सांडला. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. हा पाक कातडीला धरून बसला. तिच्या तोंडून आवाज फुटला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. पण पातेलं तिने सोडलं नाही. ते सरळ करून शेगडीवर ठेवलं आणि मगच ती खाली बसली.

"पाण्यात! हात पाण्यात घाला तिचा!" शालिनीबाई ओरडल्या. "पुसू नका, कातडी निघेल! आणि गॅस बंद करू नका कुणी!"

विष्णू धावत आला. त्याने तिला उचलूनच गॅलरीत नेलं, बादलीत तिचा हात बुडवला आणि स्वतः बादलीशी उकिडवा बसला. अवनी रडत रडत जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरची पाटी तिने येताना पाहिली होती.

गॅलरीतून स्वयंपाकघर दिसत होतं. हाताची आग डोक्यापर्यंत जात होती, पण अरुणाची नजर त्या पातेल्यावरच होती. इतक्या वर्षांत तिच्याशिवाय ते कधी उकळलं नव्हतं.

"विश्वास, उलथनं घे," शालिनीबाई म्हणाल्या.

"मी? आई, मला काय कळतंय त्यातलं?"

"मी घेते," म्हणून रेवती पुढे झाली. तिने मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. "काय बघायचं?"

"उलथनं वर धर. आडवं. आता सांग, थेंब पडतात की पडदा?"

"मला नाही कळत, आई. तुम्हीच बघा ना, हे इथे."

रेवतीने उलथनं त्यांच्या तोंडाजवळ आणलं, आणखी जवळ आणलं.

"मला दिसत नाही गं," शालिनीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. अरुणा सांगते म्हणून चालतं माझं."

बाहेरच्या खोलीतून आलेले नाना दाराशी थबकले. "मला नाही बोललीस ते?"

"बोलून काय केलं असतंत तुम्ही? रेवती, तू बघ. दोन थेंब कडेला येऊन एक झाले की सांग मला."

रेवती डोळे बारीक करून बघत राहिली. तिच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. एकदा ती "झालं" म्हणाली, मग "नाही, नाही" म्हणाली. शेवटी तिने स्वतःहूनच गॅस बंद केला आणि शालिनीबाईंकडे न बघता पातेलं उतरवलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर विजयालक्ष्मी पेटी घेऊन वर आल्या. फोड न फोडता त्यांनी मलम लावलं, पट्टी बांधली आणि मद्रासी वळणाच्या हिंदीत बजावलं, "घाव भरने तक पानी बिल्कुल नहीं. किचन भी नहीं. समझे सब लोग?" हे सांगताना त्यांनी अरुणाकडे न बघता खोलीतल्या बाकीच्यांकडे एकेक करून पाहिलं.

त्या गेल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले. डब्यातल्या पुऱ्या तशाच होत्या. कुणालाच भूक नव्हती. शालिनीबाई हिशेबी स्वरात म्हणाल्या, "आता असं करू. रेवती, तू आणि विश्वास दिवाळीची वाट बघू नका. या आठवड्यातच करोल बागेत या राहायला. अरुणाचा हात बरा होईतो घर तू बघ, मग सगळे मिळून इकडे हलू."

रेवतीने विश्वासकडे पाहिलं. विश्वास घसा खाकरत राहिला.

"सांग ना, विश्वास," अरुणा म्हणाली. "जेवणं झाल्यावर सांगणार होतास ना? जेवणं काही होत नाहीत आज."

मग विश्वासने सांगितलं. गुडगाव, ऑफिस, बघितलेलं घर, भाडेकरू. सांगताना तो मधेमधे इंग्रजीत घसरत होता. नानांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी सगळ्या जिन्याभर सांगत आलो, दोन्ही घरं आमची म्हणून, तो गाढवपणाच की माझा!"

"नाना, घर आपलंच आहे. फक्त रेंटवर..."

"परक्याचे जोडे दिसणार समोरच्या दारात, आणि म्हणे घर आपलंच!"

"अहो, त्याची नोकरी तिकडे गेली, त्याने काय करायचं?" शालिनीबाई विश्वासच्या मदतीला धावल्या. धाकट्यासाठी त्या नेहमीच धावत. "रोज गाझियाबादहून गुडगाव म्हणजे जीव जाईल पोराचा. इथलं काय, अरुणा आहेच ना. हात काय, होईल बरा."

अरुणा भिंतीला टेकून बसली होती. पट्टीतला हात मांडीवर ठेवला होता आणि त्यात ठोके पडत होते. सकाळपासूनची ती घरघर एकदम थांबल्यासारखं तिला वाटलं.

"मी शाळा सोडत नाही," ती म्हणाली.

कुणाला ते नीट ऐकू आलं नसावं. विष्णूने विचारलं, "काय म्हणालीस?"

"शाळा सोडत नाही मी. सांगून आले होते, ते परत घेणार आहे. इकडे राहायला आले तरी इथून जाईन. दोन बस बदलाव्या लागतील, त्या बदलेन."

"अगं पण तूच तर सोडलीस," शालिनीबाई म्हणाल्या. "मी कधी म्हटलं का तुला, सोड म्हणून?"

"सोडू नकोस असंही नाही म्हणालात, आई. कुणीच नाही म्हणालं. मीसुद्धा नाही."

"वहिनी, रागात डिसिजन नका घेऊ," विश्वास म्हणाला. "रेवती म्हणतच होती की तुम्ही..."

"माझ्या नावावर नको काही सांगू," रेवती एकदम म्हणाली. "मी काय म्हणत होते ते मीच सांगते. अरुणाताईंनी शाळा सोडली असं कळलं, त्याच दिवशी मी तुला म्हटलं की मी इकडे राहायला येणार नाही. आठवतंय? गुडगावचं ऑफिस वगैरे सगळं नंतरचं. मला भीती वाटली. इतक्या वर्षांची नोकरी, आणि त्या सोडतात म्हटल्यावर घरात कुणाच्या चहाचा कपसुद्धा हलला नाही. मला वाटलं, आज त्या, उद्या मी."

विष्णूने मान खाली घातली. अरुणा रेवतीकडे बघत राहिली. सकाळी तिला या मुलीचा संताप आला होता. तो पुरता गेला नव्हता, पण आता त्याची धार गेली होती.

"हे मला सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली.

"तुम्ही म्हणाला असतात, छे छे, मी माझ्या मर्जीने सोडतेय."

ते खरंच होतं. अरुणा तसंच म्हणाली असती.

"मग आमच्या दोघांचं काय ठरलं?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यात राग नव्हता. अवनी आजोबांजवळ सरकली.

शेवटी विष्णूने बोलायला तोंड उघडलं, आणि अरुणाला वाटलं, आला आता तो 'बघू'.

"नाना, तुमचं सकाळचं मी करीन," विष्णू म्हणाला. "आंघोळ, नाश्ता, औषधं. ऑफिसात उशिराची वेळ मागून घेतो. दुपारी दोघांना जेवण गरम करून वाढायला एक बाई लावू. चारला अवनी येतेच."

"तुला जमणार आहे?" नाना म्हणाले.

"नाही जमलं तर शिकेन. रेवतीने आज जेली उतरवलीच की."

शालिनीबाईंच्या धाकट्याची बाजू आता रेवतीही घेत नव्हती आणि ते त्यांना लागलं होतं. "मला बाईच्या हातचं चालत नाही," त्या कुरकुरल्या.

"तुमचं आधी डोळ्याचं ऑपरेशन," रेवती म्हणाली. "मोतीबिंदूच असणार तो. ते मी करून घेते. माझी सुट्टी आहे, तुम्ही गुडगावला या, पट्टी सुटेपर्यंत माझ्याकडे राहायचं. यात विश्वासला विचारायचं नाही मला."

"पूछो मत, बता दो," अवनी हळूच म्हणाली. विश्वास कसनुसा हसला. दुसरं कुणी हसलं नाही. नानांनी मात्र डबा उघडला, एक पुरी उचलली आणि लोणच्याशिवायच खायला लागले.

जेली धरली खरी, पण रेवतीने जरा उशिराच उतरवली होती. चमच्याला चिवट लागत होती. शालिनीबाईंनी चाखून तोंड वाकडं केलं. "मंडळात नाही द्यायची ही," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "घरात खाऊ. चव आहे."

संध्याकाळी विश्वासने सगळ्यांना करोल बागेत सोडलं. अरुणा घराशी न उतरता आधीच्या वळणावर उतरली. मुख्याध्यापिका हेमलताबाई तिथे राहत. विष्णूही तिच्यामागे उतरला. "मी खाली थांबतो," म्हणाला.

हेमलताबाईंनी पट्टी पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "अरुणाबाई, तुम्ही उशीर केलात हो. सातवीला मी नवीन बाई घेतल्या. परवाच शब्द दिला त्यांना. आता तो नाही फिरवता येणार मला."

अरुणाने मान हलवली. सातवीची मुलं एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आली. "दुसरं काहीच नाही?"

"दुपारची पहिली आहे. पण ती तुम्हाला कशी देऊ? तुमच्याहून कितीतरी नवख्या बायका नको म्हणतात तो वर्ग. निम्म्या मुलांना मराठी येत नाही, उरलेली रडत असतात. आणि गाझियाबादला गेलात की घरी पोचायला दिवेलागण होईल तुम्हाला."

"द्या," अरुणा म्हणाली.

"घरी विचारून सांगा."

"विचारून झालंय."

जिना उतरून ती खाली आली, तेव्हा विष्णू पानाच्या टपरीपाशी उभा होता. ती म्हणाली, "सातवी गेली. पहिली मिळाली," आणि मग रस्त्यातच, इतक्या माणसांत, तिला रडू आलं. विष्णूने तिचा बरा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला घरी नेलं.

महिना बदलला तेव्हा तिच्या हातावर पट्टी होतीच. दुपारच्या पहिलीच्या वर्गात ती शिरली, तर दोन मुली बाकाखाली बसल्या होत्या आणि एक जण दाराला धरून आईच्या नावाने रडत होता. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने तिच्या हाताकडे बोट दाखवलं.

"टीचर, आपके हाथ को क्या हुआ?"

"मराठीत विचार," अरुणा म्हणाली.

मुलगी अडली. तिने शेजारणीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, ओठ हलवून बघितले. दाराशी रडणाराही थांबून ऐकू लागला.

"हाताला... तुमच्या हाताला काय झाला?"

"झालं," अरुणाने दुरुस्त केलं. "हाताला काय झालं. भाजलं मला. म्हणा बघू सगळे, भाजलं."

"भाजलं!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. अरुणाने उजव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या, गोल अक्षरात 'भ' काढला.